उकिरड्यात कुजेल तेच ताट खरे



गव्हाची कापणी आटोपली, माल मंडीत गेला, की आपल्या धार आणि देवास भागात जेवणावळींचे दिवस सुरू होतात. लग्ने असतात, बाप्तिस्मे असतात, मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची जेवणे असतात. दाल-बाफले आणि लाडू यांवाचून माळव्यातले जेवण पुरे होत नाही. जेवण झाले, पाहुणे गेले, की मांडवामागे मात्र एक ढीग उरतो. त्यात थर्माकोलची ताटे असतात, चंदेरी चमक असलेले कागदी द्रोण असतात, प्लास्टिकचे पेले आणि चमचे असतात. दुसऱ्या दिवशी वारा त्यांतली निम्मी ताटे शेजारच्या शेतात नेतो, उरलेल्यांत गुरे तोंड घालतात आणि बाकीचे कोणीतरी पेटवून देतो.

हल्ली या ढिगावर एक नवा उपाय सांगितला जातो. स्टार्च आणि वनस्पतींचे तंतू यांपासून ताटे, वाट्या, पिशव्या करायच्या. त्या वापरून झाल्या की मातीत मिसळून जातात, असे विकणारा सांगतो. आमचे मत असे की उपाय चांगला आहे, पण ‘विघटनशील’ हा छापील शब्द पाहून भुलायचे नाही. आपली कसोटी एकच असावी. ती वस्तू आपल्या घरामागच्या उकिरड्यात, आपल्या शेणखताच्या खड्ड्यात कुजते का? कुजत असेल तर ती आपल्या उपयोगाची. नसेल तर तिच्यावर पाने-फुले छापलेली असली तरी आपल्या गावासाठी ती प्लास्टिकच.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी नियम काढले आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. ताटे, कप, पेले, काटे, चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे हे सर्व त्या यादीत आहे. थर्माकोल हेही प्लास्टिकच, म्हणून त्याचे ताटही बंद. हातपिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी, असा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासून आहे. शेजारच्या महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ रोजीच प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीचा आदेश काढला होता.

या बंदीतून एका प्रकाराला सूट आहे. जे प्लास्टिक खत होऊन जाते असे प्रमाणित केलेले आहे, त्याला परवानगी आहे. त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि वस्तूवर तसे छापावे लागते. ही सूट योग्यच आहे. पण जिथे सूट असते तिथे तिच्या आडून माल खपवणारेही येतात. आठवड्याच्या हाटात जे ‘मातीत मिसळणारे’ म्हणून मिळते, त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो का, हे एकदा उलटून पाहावे.

गुरांचे आणि माणसांचे आरोग्य

गाय बकरीसारखी निवडून खात नाही. ती जिभेने ओढते आणि गिळते. ताटाला डाळ लागलेली असते, मिठाची चव असते, म्हणून ती पिशवीसकट गिळते. हे प्लास्टिक तिच्या पहिल्या पोटात साठत जाते. ते पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. जनावर रवंथ कमी करते, दूध आटते, पोट फुगते, आणि पुष्कळदा मरेपर्यंत धन्याला कारण कळत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांनी एकेका गायीच्या पोटातून तीस-चाळीस किलो प्लास्टिक काढलेले आहे. लहान शेतकऱ्याच्या घरी एक दुभते जनावर गेले की मुलांच्या शाळेचा खर्च थांबतो. फुकट वाटणाऱ्या ताटाची किंमत अशी चुकवावी लागते.

माणसाचे म्हणाल तर, थर्माकोल ज्या स्टायरीनपासून बनते त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. एका जेवणात ताटातून पोटात जाणारा अंश फार थोडा असतो, हे खरे. पण अन्न जितके गरम आणि तेलकट, तितका तो वाढतो, आणि तुपात बुडवलेला गरम बाफला हे नेमके तसेच अन्न आहे. त्याहून मोठा धोका धुराचा. कित्येक घरी चूल पेटवायला पिशवीचा तुकडा वापरतात आणि मांडवामागचा ढीगही जाळून टाकतात. तो धूर सर्वांत आधी स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल यांच्या छातीत जातो. प्लास्टिक चुलीत घालू नये, हे प्रत्येक घरात ठरले पाहिजे.

कागदी कपही निर्दोष नाही. त्याला आतून प्लास्टिकचे पातळ अस्तर असते. खडगपूरच्या आय.आय.टी.च्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. पोहे आणि भजी वर्तमानपत्रात बांधून देण्याची आपल्याकडची जुनी सवयही सोडली पाहिजे. छपाईची शाई तेलात उतरते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली आहे.

स्टार्च म्हणजे काय

स्टार्च हा शब्द परका वाटेल, पण वस्तू आपल्या घरातली आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, पिळतात आणि चीक खाली बसू देतात. तो चीक म्हणजे स्टार्च. सुती कपड्यांना घालायची खळ, आजाऱ्याला द्यायची पेज यांतही तेच काम करते. मक्याच्या दाण्यात वजनाच्या सुमारे ७० टक्के स्टार्च असते. बटाट्यात पाणीच फार, म्हणून १५ टक्क्यांच्या आसपास.

चीक पाण्यात शिजवला की ६० ते ७० अंशांच्या पुढे त्याचे कण फुगतात आणि सारे एकजीव चिकट होते. ते पसरून वाळवले की पातळ पापुद्रा तयार होतो. नुसता पापुद्रा कडकड मोडतो. शिजवताना त्यात ग्लिसरीन घातले तर तो लवचीक राहतो. याच तत्त्वावर कारखान्यात स्टार्च, ग्लिसरीन आणि थोडे पाणी उष्णता आणि दाब देऊन मळतात आणि त्याचे पत्रे किंवा पातळ पिशव्या काढतात. दुसरी रीत आइस्क्रीमच्या कोनासारखी. स्टार्चचे सरबरीत पीठ दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबायचे. आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुलते आणि दोन-तीन मिनिटांत हलके ताट किंवा वाटी तयार होते.

आता कुरडईचा दुसरा गुण आठवा. वाळलेली कुरडई कडक असते, पण हातातून पडली की तुकडे होतात आणि पाण्यात टाकली की मऊ पडते. स्टार्चच्या ताटाचे दोन्ही दोष हेच. ते मोडते आणि ओल धरते. मोडण्यावर उपाय तंतूंचा. घराच्या भिंतीचा गिलावा करताना मातीत भुसा का घालतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भुसा मातीला धरून ठेवतो, भेगा पडू देत नाही. तसेच उसाचे चिपाड, गव्हाचे काड, केळीच्या खांबाचा धागा, पऱ्हाट्यांचा लगदा हे तंतू चिकाला धरून ठेवतात. ताट भक्कम होते आणि स्टार्चही कमी लागते.

ओलीवरचा उपाय अवघड आहे. त्यासाठी वरून काही लेप द्यावा लागतो. मधमाशीचे मेण किंवा खाण्यायोग्य शुद्ध केलेली लाख चालते, पण ती महाग पडते. परदेशांत कित्येक वर्षे तंतूंच्या वाट्यांना तेल-पाणी लागू नये म्हणून फ्लोरिनयुक्त रसायने घालत असत. ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतात. म्हणून डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनात त्यांना बंदी केली. अमेरिकेतही अशा रसायनांची अन्नाच्या वेष्टनासाठी होणारी विक्री थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. ताट चिपाडाचे आहे एवढे ऐकून समाधान मानू नये, ते यामुळे. त्यावर लेप कशाचा आहे, हेही विचारावे.

कुजणे आणि कुजणे यांतला फरक

सर्वांत मोठी गल्लत येथे होते. बाजारात ‘मक्यापासून केलेले’ म्हणून जे पारदर्शक पेले आणि चमचे येतात, ते पुष्कळदा पीएलए नावाच्या पदार्थाचे असतात. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून ते करतात. ते कुजते हे खरे, पण त्याला सुमारे ६० अंशांची उष्णता आठवडेच्या आठवडे लागते आणि ओल लागते. अशी उष्णता मोठ्या खतप्रकल्पात सांभाळून ठेवता येते. आपल्या उकिरड्यात, नाल्याच्या काठी किंवा गायीच्या पोटात ती नसते. तेथे तो पेला प्लास्टिकच्या पेल्यासारखाच पडून राहतो. स्टार्चच्या पिशव्यांतही बहुधा नुसते स्टार्च नसते. पिशवी ताणली जावी म्हणून खनिज तेलापासून केलेले, पण कुजू शकणारे दुसरे प्लास्टिक त्यात मिसळतात.

याचा अर्थ ही वस्तू वाईट असा नव्हे. जागा योग्य हवी. इटलीत नोव्हामाँट नावाची कंपनी स्टार्चच्या पिशव्या करते. मिलान शहरात स्वयंपाकघरातला ओला कचरा अशा पिशव्यांत भरून दाराशी ठेवतात आणि नगरपालिका तो पिशवीसकट प्रकल्पात नेते. तेथे पिशवी कामाची, कारण तिच्यामागे सारी व्यवस्था उभी आहे. आपल्या शेजारी इंदूर आहे. घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावून ते २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प सुरू झाला. शहराला जे शोभते ते खेड्याला तसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्या गावात रोज गाडी येत नाही. आपला प्रकल्प म्हणजे आपला उकिरडा. म्हणून आपली वस्तूही त्यातच कुजणारी हवी.

आणखी एक फसवा प्रकार आहे. काही साध्या प्लास्टिकमध्ये एक चूर्ण मिसळतात, त्यामुळे ते उन्हात ठिसूळ होऊन तुकडे-तुकडे होते आणि दिसेनासे होते. दिसेनासे होणे म्हणजे कुजणे नव्हे. ते बारीक तुकडे मातीत राहतातच. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात असे प्लास्टिक बंद केले. आपल्या केंद्र सरकारच्या नियमांतही २०२४ च्या दुरुस्तीने अट आली की जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लास्टिकने मागे सूक्ष्म कण ठेवता कामा नयेत.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. चमकदार द्रोण उकळत्या पाण्यात तासभर ठेवावा. त्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर कागद विरघळून पापुद्रा वेगळा निघतो. दुसरी परीक्षा संयमाची. ताटाचा एक तुकडा कांदे-बटाट्याच्या जाळीत बांधून खताच्या ओल्या खड्ड्यात पुरावा आणि दोन-तीन महिन्यांनी काढून पाहावा. जाळी राहिली पाहिजे, तुकडा राहता कामा नये. जाळी मात्र आठवणीने काढून घ्यावी.

आपले ताट झाडावर आहे

आता जवळचे पाहू. तंतूंचे, साच्यात दाबलेले, उकिरड्यात एका पावसाळ्यात कुजणारे ताट माळव्यात पूर्वीपासून आहे. ते म्हणजे खाखऱ्याच्या पानांची पत्रावळ. खाखरा म्हणजे महाराष्ट्रातला पळस. धारच्या डोंगराळ भागात, देवास जिल्ह्यात नर्मदेकडे उतरणाऱ्या रानात, शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर हे झाड आपोआप येते. फाल्गुनात ते केशरी फुलते आणि उन्हाळ्यात नवी पाने धरते. पाने रुंद, चिवट आणि ताटाला लागतील अशीच. बांबूच्या बारीक काडीने ती टाचली की पत्रावळ झाली, वळवून टाचली की द्रोण झाला. आता तापलेल्या साच्यात दाबून ताटे करण्याची छोटी यंत्रेही मिळतात. त्यांतून निघालेले ताट सपाट बसते, गळत नाही, आणि शहरातले गिऱ्हाईकही ते घेते.

या पत्रावळीला लेप लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. गायीने खाल्ली तर तिला अपाय नाही. मग ती मागे का पडली? थर्माकोल स्वस्त मिळाले, ते पांढरेशुभ्र दिसे आणि पानावर जेवणे गरिबीचे वाटू लागले. हा शेवटचा विचार आपण सोडला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी सर्व जगाला सावध केले. आपल्याला त्यासाठी नवे काही शिकायचे नाही, जुने टाकायचे नाही एवढेच.

पत्रावळीच्या विरुद्ध जे आक्षेप घेतात त्यांचाही विचार करू. पहिला आक्षेप, ती महाग पडते. समजा चारशे माणसांचे जेवण आहे, थर्माकोलचे ताट दोन रुपयांना आणि पत्रावळ तीन रुपयांना पडते. फरक चारशे रुपयांचा झाला. ज्या जेवणावर चाळीस हजार खर्च होतात, त्यात हे चारशे म्हणजे शेकडा एक. शिवाय थर्माकोलचे आठशे रुपये गावाबाहेर जातात, तर पत्रावळीचे बाराशे गावातल्या बायकांच्या हाती येतात. दुसरा आक्षेप, हे काम कष्टाचे आणि मजुरी थोडी. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर पत्रावळ सोडण्यात नाही, योग्य दाम देण्यात आहे. रानात जाऊन पाने आणणाऱ्या भिल्ल भगिनीशी रुपया-आठ आण्यांची घासाघीस करणारे आपणच मंडपाच्या रोषणाईला मागेल तेवढे देतो, हे बरे दिसत नाही. तिसरा आक्षेप, पाने अस्वच्छ असतात. त्यावर उपाय हातात आहे. पाने धुऊन, सावलीत पुरती वाळवून, कोरड्या जागी ठेवावीत. बुरशी आलेले पान निवडून टाकावे. टाचायला तार किंवा स्टेपलरची पिन कधीही वापरू नये. ती मुलाच्या घशात जाते, आणि गायीच्या पोटात गेली तर थेट काळजापर्यंत टोचते.

झाडाचीही काळजी घेतली पाहिजे. एका झाडाची सगळी पाने ओरबाडू नयेत, कोवळी पाने आणि शेंडा सोडावा. ज्या झाडावर लाख धरली आहे त्याला हात लावू नये, ते उत्पन्न वेगळे आहे. बांध साफ करण्याच्या नावाखाली खाखरा मुळासकट काढण्याची जी रीत पडली आहे, ती थांबवावी. वनहक्क कायदा, २००६ ने रानातील लहानसहान उपज गोळा करण्याचा हक्क वनवासी लोकांना दिला आहे. कोणत्या रानात, केव्हा आणि किती पाने तोडायची याचा नियम गावाने ग्रामसभेत बसून स्वतःच करावा, हे उत्तम.

शेतकऱ्याने स्टार्चच्या धंद्यात पडावे का

काही तरुण विचारतात की आपल्याकडे मका आहे, बटाटा आहे, मग आपणच स्टार्चची ताटे का करू नयेत? त्यांनी आधी हिशेब करावा. शंभर किलो बटाटा किसून, धुऊन, चीक बसवून घरगुती रीतीने दहा किलोच्या आसपास कोरडे स्टार्च हाती येते. बटाटा किलोला पाच रुपये धरला, तरी नुसत्या मालाचाच खर्च किलोमागे पन्नास रुपये झाला. मजुरी, पाणी, वीज वेगळी. कारखान्याचे मक्याचे स्टार्च घाऊक बाजारात सहसा याहून स्वस्त मिळते. चांगला बटाटा चीक काढायला घालणे म्हणजे नुकसान. मात्र गोटी बटाटा, कापलेला, खरचटलेला, मंडीत कोणी न घेणारा माल दरवर्षी बांधावर टाकावा लागतो, त्याचा चीक काढला तर तो फायद्याचा. हिरवा पडलेला आणि सडका बटाटा मात्र त्यात घेऊ नये, कारण अन्नाला लागणारी वस्तू करायची आहे.

मक्याचे तर आणखी सरळ आहे. स्टार्चच्या कारखान्याला मका विकणे म्हणजे मका विकणेच. अलीकडे इथेनॉलसाठीही मक्याला मोठी मागणी आली आहे. भाव मिळाला तर अवश्य घ्यावा, पण ताटे करण्यासाठी घरच्या कणगीतले धान्य कमी करू नये. पोटात जायचे ते आधी पोटात, उरलेले ताटात.

खरी संधी तंतूंमध्ये आहे, कारण ते आज आपण जाळतो. गव्हाची कापणी यंत्राने झाली की उभी धसकटे, जिला येथे नरवाई म्हणतात, तिला काडी लावली जाते. त्यात मातीतले जीव मरतात, शेजाऱ्याचे पीक पेटते आणि दंडही होतो. धारच्या निमाडी पट्ट्यात कापसाच्या पऱ्हाट्या अशाच जळतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून लगदा आणि दाबलेले तक्ते करण्याच्या रीती बसवलेल्या आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत शेतमालावर प्रक्रिया करण्याच्या यंत्रांचे काम चालते. आपल्या शेतकरी गटांनी तेथे पत्र घालावे, माणूस पाठवावा, यंत्र डोळ्यांनी पाहावे आणि मगच पैसे गुंतवावेत.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्याशा वाटतात. पहिली, काडाचा लगदा करायला कॉस्टिक सोडा लागतो आणि त्यातून काळे पाणी निघते. ते नाल्यात सोडले तर खालच्या विहिरी बाद होतात. म्हणून लगदा करण्याचा कारखाना शुद्धीकरणाशिवाय गावात येऊ देऊ नये. गावाने काड गोळा करून विकावे किंवा तयार लगद्याची ताटे दाबावीत, लगदा करणे मोठ्या कारखान्यावर सोडावे. दुसरी सूचना, भुसा हा आधी गुरांचा आहे. चाऱ्याची तूट असेल त्या वर्षी ताटासाठी भुसा विकणे शहाणपणाचे नाही. आणि काही काड शेतात गाडलेच पाहिजे, नाहीतर काळी जमीनही उपाशी राहील.

म्हणजे आमचे मत थोडक्यात असे. जेथे पाणी आहे तेथे स्टीलचे ताट पहिले. देवास शहराला एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही, म्हणून उन्हाळ्यात चारशे ताटे धुणे सगळीकडे जमेल असे नाही. तेथे खाखऱ्याची पत्रावळ दुसरी. ती पुरली नाही तर चिपाडाचे किंवा काडाचे, अस्तर नसलेले ताट तिसरे. पीएलएचे पेले आणि कुजणाऱ्या म्हणवणाऱ्या पिशव्या शेवटी, आणि तेही कचरा प्रकल्पात जाणार असेल तरच.

धर्मग्रामाने काय करावे

प्रत्येक धर्मग्रामात हे चार निर्णय एका बैठकीत होऊ शकतात. एक, मिळून दोन-तीनशे स्टीलची ताटे घ्यावीत आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याला नाममात्र भाड्याने द्यावीत. त्या भाड्यातूनच मोडतोड भागते. दोन, चर्चच्या सणाच्या जेवणासाठी लागणाऱ्या पत्रावळी आणि द्रोण चार महिने आधी महिला मंडळाला सांगून ठेवावेत आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. आयत्या वेळी मागितल्या तर मिळत नाहीत, आणि मग नाइलाजाने थर्माकोल येते. तीन, चहासाठी गावच्या कुंभाराकडून कुल्हड घ्यावेत. फुटले तरी ते मातीचेच. चार, मांडव घालण्याआधी मांडवामागे खड्डा खणावा, त्याला कुंपण करावे, आणि पत्रावळी उष्ट्यासकट त्यात टाकून वर शेण आणि माती घालावी. पुढच्या पेरणीला ते खत शेतात जाईल.

आमच्या मते यांतले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते पहिल्या यजमानाने ‘आमच्या घरच्या कार्याला पत्रावळ राहील’ असे सोयऱ्यांना निर्भीडपणे सांगणे. एकाने सांगितले की दुसऱ्याला सोपे जाते. मोठ्या घरच्यांनी आधी सांगावे, म्हणजे गरिबाला त्याची लाज वाटणार नाही. येत्या लग्नसराईच्या आत आपापल्या गावी ही बैठक व्हावी, आणि बैठक उठण्यापूर्वी पत्रावळींचा आगाऊ पैसा जमा व्हावा, एवढी आमची विनंती.